साडेसहा रेणूंचा हिशेब

प्रश्न : ब्युटेनच्या पूर्ण ज्वलनाचे समीकरण संतुलित करताना माझ्या मुलीने ऑक्सिजनपुढे साडेसहा हा सहगुणक लिहिला. रेणू अर्धा होत नसताना हे उत्तर बरोबर कसे? शिवाय ज्योत पिवळी दिसली की ज्वलन अपूर्णच समजायचे का?

उत्तर : मुलीचे उत्तर बरोबर आहे. ब्युटेनच्या रेणूत कार्बनचे ४ आणि हायड्रोजनचे १० अणू असतात. त्या चार कार्बन अणूंचा कार्बन डायऑक्साइड होण्यासाठी ऑक्सिजनचे ८ अणू लागतात, तर दहा हायड्रोजन अणूंपासून पाण्याचे पाच रेणू होण्यासाठी आणखी ५. हे झाले १३ अणू. पण ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असल्यामुळे रेणूंची संख्या साडेसहा येते. येथे कोणताही रेणू अर्धा तुटत नाही. सहगुणक केवळ प्रमाण सांगतो : एक मोल ब्युटेनला साडेसहा मोल ऑक्सिजन. मोल म्हणजे रेणूंची एक ठरावीक, प्रचंड मोठी संख्या, त्यामुळे अर्धा मोल घ्यायला कसलीच अडचण नसते. रेणूंच्याच भाषेत बोलायचे असेल, तर सगळे दुप्पट करून ब्युटेनचे २ व ऑक्सिजनचे १३ रेणू घ्यावेत; त्यांपासून कार्बन डायऑक्साइडचे ८ आणि पाण्याचे १० रेणू मिळतात. परीक्षेत बहुधा हेच रूप अपेक्षित असते. मात्र एक मोल इंधनाची ज्वलन-उष्णता लिहिताना अपूर्णांक ठेवणेच सोयीचे, म्हणून तो चूक ठरवून खोडू नये.

मुलीला एवढे जरूर सांगा, की ऑक्सिजनचा सहगुणक शेवटी काढावा. डाव्या बाजूला तो एकटाच, मूलद्रव्याच्या रूपात असल्यामुळे त्याचा आकडा बदलल्याने आधी जुळवलेले कार्बन आणि हायड्रोजन विस्कटत नाहीत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असे सरळ देता येत नाही. हवेत आकारमानाने सुमारे २१ टक्केच ऑक्सिजन असल्याने एक लिटर ब्युटेन वायू पूर्ण जळायला त्याच तापमानाची आणि दाबाची जवळपास ३१ लिटर हवा लागते. बुन्सेन बर्नरचे हवेचे छिद्र बंद केले, की ही हवा फक्त ज्योतीच्या बाहेरूनच मिळते; आतले इंधन उष्णतेने विघटित होऊन कार्बनचे सूक्ष्म कण तयार होतात आणि ते तापून पिवळे चमकतात. चिनीमातीची थंड बशी क्षणभर त्या ज्योतीत धरली, तर तिच्यावर लगेच काजळी धरते. पण बशी न धरता हेच कण ज्योतीच्या कडेला पोचून तेथील ऑक्सिजनमध्ये जळूनही जाऊ शकतात. नीट जळणारी मेणबत्ती पिवळी असूनही फारसा धूर सोडत नाही, ती याच कारणाने. म्हणजे पिवळा रंग ज्योतीच्या आत ऑक्सिजन अपुरा आहे एवढेच सांगतो, शेवटी बाहेर काय पडते ते नाही. उलट, निळी ज्योत थंड पृष्ठभागावर आदळली तर ज्वलन मध्येच थांबून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो, आणि त्याला ना रंग असतो ना वास.