कपाशीचे क्लोरोप्लास्ट जीनोम ताडून अमेरिकन आणि देशीचं नातं निघेल का?

विचारणाऱ्याकडे चोपड्याच्या शिवारातली बीटी कपाशी (म्हणजे अमेरिकन) आणि जुनी देशी कपाशी आहे. दोन्हींचे क्लोरोप्लास्ट जीनोम, म्हणजे पानातल्या हरितलवकाचा अख्खा डीएनए, ताडून नातं काढायचंय आणि सॉफ्टवेअर कोणतं वापरू, असा प्रश्न आहे.

नातं निघेल, पण फक्त आईकडचं. सॉफ्टवेअरचं नंतर बघू, आधी उलट्या तुकड्याचं बोलतो. अशाच एका तुलनेत देशीच्या नमुन्यात वीस हजार बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) अख्खा तुकडा उलटा निघाला. नात्याच्या झाडावर (वंशवृक्षावर) त्याची फांदी लांबच लांब, म्हणजे फरक खूप. लगेच 'नवीन इन्व्हर्जन (उत्क्रांतीत उलटलेला तुकडा) सापडलं' म्हणून पोस्टरची तयारी सुरू. मी तेव्हाही नाही म्हणालो होतो, आजही म्हणतो.

अमेरिकन कपाशीचा क्लोरोप्लास्ट जीनोम १,६०,३०१ बेसचा. त्यात दोन आयआर (एकाच क्रमाच्या दोन प्रती), प्रत्येकी सुमारे २५,६०० बेसचे, एकमेकांच्या उलट दिशेचे. त्यांच्यात पुनर्संयोग होत राहतो, म्हणून त्यांच्या मधला एसएससी (लहान एकेरी भाग, वरचा वीस हजारांचा तुकडा तोच) एकाच पानात दोन्ही दिशांनी असतो, जवळपास निम्मा-निम्मा. १५० बेसचे रीड (यंत्राने वाचलेले तुकडे) एवढा आयआर ओलांडू शकत नाहीत, त्यामुळे खरी दिशा कुठली हा प्रश्नच फोल. रीड जोडून जीनोम बांधणारं गेटऑर्गनेल म्हणूनच दोन फायली देतं, एकेका दिशेची एकेक. आपण हाताला लागेल ती उचलतो. जेनबँक या सार्वजनिक डीएनए-साठ्यातल्या नोंदींतही दोन्ही दिशा आढळतात. मग अलाइनमेंट करणारं, म्हणजे क्रम एकमेकांसमोर मांडणारं मॅफ्ट ते सरळ-उलटे वीस हजार बेस बळजबरीने एकमेकांवर बसवतं, हजारो खोटे फरक तयार होतात आणि फांदी लांबते.

उपाय दहा मिनिटांचा. आधी सगळ्या जीनोमची सुरुवात एलएससीच्या (मोठ्या एकेरी भागाच्या) एकाच टोकावर आणा. मग एसएससीच्या सुरुवातीला एनडीएचएफ आणि शेवटी वायसीएफ-१ हे जीन आहेत का ते पाहा. उलटं असेल तर तेवढाच भाग रिव्हर्स-कॉम्प्लिमेंट करा (क्रम उलटून प्रत्येक बेसच्या जागी त्याचा जोडीदार). ममर या सॉफ्टवेअरने डॉटप्लॉट (दोन क्रमांच्या तुलनेचा ठिपक्यांचा आलेख) काढून खात्री करा, मग एक आयआर वगळून अलाइनमेंट लावा, नाहीतर तोच पुरावा दोनदा मोजला जातो. पुढे झाड काढायला आयक्यू-ट्री. एवढंच सॉफ्टवेअर.

डीएनए काढायला पान कोवळंच घ्या, शेंड्याकडचं. वेचणीच्या वेळचं जून पान नको. त्यातल्या पॉलिफेनॉलने अर्क तपकिरी होतो, चिकटाने पिपेट भरत नाही. १०० मिलिग्रॅम पानाला २ टक्के सीटॅब (डीएनए सोडवणारं रसायन), २ टक्के पीव्हीपी (पॉलिफेनॉल धरून ठेवणारं), आणि मर्कॅप्टोइथेनॉल ऐनवेळी घाला. शेतातून आणायला बर्फाची पेटी लागत नाही, सिलिका जेलमध्ये वाळवलं तरी चालतं.

आता आईकडचं. कपाशीत क्लोरोप्लास्ट मादीकडून येतो. अमेरिकन कपाशी ए आणि डी या दोन जीनोमांच्या संकरातून झाली, आई ए गटातली. आपली देशीही ए गटातली. म्हणून क्लोरोप्लास्टच्या झाडावर अमेरिकन कपाशी देशीजवळ बसते आणि बापाकडचं, डी गटातलं रायमोंडी (रानटी कपाशी) दूर जातं. यावरून 'अमेरिकन आपल्या देशीतून निघाली' असं लिहाल तर परीक्षक फाडून खातील. बापासाठी केंद्रकातले जीन घ्यावेच लागतात. बीटीचा जीनही केंद्रकातच, क्लोरोप्लास्टमध्ये शोधू नका. संकरित वाणाचा नरही तिथे दिसणार नाही.

एक सांगायचं राहिलं, खरी इन्व्हर्जनं असतात. सूर्यफूल-करडईच्या कुळात एलएससीमध्ये सुमारे २३ हजार बेसचं आहे, १९८७ मध्ये यान्सन आणि पामर यांनी दाखवलेलं. पण ते एलएससीच्या आत आहे, दोन आयआरच्या मधला अख्खा तुकडा नव्हे. हरभऱ्यात तर एक आयआरच गळालाय, तिथे हा घोळच नाही. कपाशीत मात्र उलटा एसएससी दाखवून कुणी उत्क्रांती सांगायला लागलं, तर गेटऑर्गनेलची दुसरी फाईल उघडायला सांगा.