न्यू होरायझन्स प्लुटोपाशी का थांबले नाही?

नेरूळहून आपण विचारले आहे की, नासाचे डॉन यान मंगळ व गुरू यांच्यामधल्या सेरेस या बटुग्रहाभोवती साडेतीन वर्षे फिरत राहिले, मग साडेनऊ वर्षे प्रवास करून प्लुटोपाशी पोहोचलेले नासाचेच न्यू होरायझन्स यान न थांबता पुढे का निघून गेले? ठाण्यात पदवीच्या वर्गाला भौतिकशास्त्र शिकवताना हे उदाहरण मी आवर्जून सोडवून घेतो, कारण उत्तर साध्या गणिताने निघते.

न्यू होरायझन्स १९ जानेवारी २००६ रोजी सुटले, तेव्हा प्लुटो अजून ग्रहच होता; बटुग्रह (सूर्याभोवती फिरणारा, पण ग्रहाच्या दर्जाला न पोहोचणारा गोल पिंड) हा वर्ग त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्राग येथे ठरला आणि प्लुटो त्यात गेला. १४ जुलै २०१५ रोजी यान प्लुटोपासून सुमारे १२,५०० किलोमीटरवरून गेले, ते सेकंदाला जवळपास १४ किलोमीटर वेगाने. ठाण्याहून सीएसएमटीपर्यंतचा ३४ किलोमीटरचा लोहमार्ग या वेगाने अडीच सेकंदांत संपतो. प्लुटोचे गुरुत्वाकर्षण मात्र इतके क्षीण आहे की, त्याच्या पृष्ठभागावरून कायमचे निसटायला सेकंदाला १.२ किलोमीटर वेग पुरतो. कक्षेत शिरायचे तर यानाला जवळजवळ सगळा वेग, धरा १३ किलोमीटर, मारावा लागला असता. रासायनिक इंजिनातून वायू सेकंदाला ३ किलोमीटर वेगाने बाहेर पडतात असे धरून त्सिओल्कोव्स्कीचे समीकरण (वेग अमुक इतका बदलायला किती इंधन लागेल, हे सांगणारे) मांडले, तर सुरुवातीचे वस्तुमान शेवटच्या वस्तुमानाच्या सुमारे ७५ पट निघते. म्हणजे ४०० किलोचे यान थांबवायला ३० टन इंधन! प्रत्यक्षात इंधनासह संपूर्ण यान ४७८ किलोचे होते आणि त्यात इंधन होते ७७ किलो. वातावरणाशी घर्षण करून वेग कमी करावा, तर तिथल्या वातावरणाचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या साधारण एक लक्षांश आहे. मुळातच सावकाश जावे म्हटले, तर कमीत कमी ऊर्जेच्या मार्गाने साडेतीन-चार दशके लागतात. तोवर मोहीम आखणारी पिढी निवृत्त झालेली असते.

डॉनची इंजिने निराळी होती. सप्टेंबर २००७ मध्ये निघालेले हे यान झेनॉन वायूचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, विजेच्या बळावर मागे फेकत असे. त्यांचा जोर फार तर ९० मिलिन्यूटन, त्यामुळे सव्वा टनाच्या यानाला शून्यावरून ताशी १०० किलोमीटर वेग गाठायला चार दिवसांहून अधिक लागत. परंतु आयन बाहेर पडतात ते रासायनिक इंजिनातील वायूंच्या दसपट वेगाने, आणि वर सांगितलेल्या समीकरणात सगळी मेख याच आकड्यात आहे. म्हणूनच सुमारे ४२५ किलो झेनॉनवर डॉन २०११ मध्ये वेस्टा या लघुग्रहाभोवती फिरले, तिथून पुन्हा निघाले आणि ६ मार्च २०१५ रोजी सेरेसच्या कक्षेत शिरले.

मग हीच इंजिने प्लुटोकडे का नेली नाहीत, असे विद्यार्थी लगेच विचारतात. डॉनची सौर पाती पृथ्वीजवळ १० किलोवॉट वीज देत. प्लुटोपाशी सूर्यप्रकाश हजार पटींनी मंद असल्यामुळे तीच पाती जेमतेम १० वॉट देतील. न्यू होरायझन्सच्या आण्विक बॅटरीची वीज तेव्हा सुमारे २०० वॉट होती आणि आयन इंजिन पूर्ण जोराने चालवायला दोन किलोवॉटहून अधिक लागतात.

न थांबण्याची किंमत मोजावी लागलीच. प्लुटो स्वतःभोवती ६.४ दिवसांत फिरतो, त्यामुळे त्याची एकच बाजू जवळून दिसली. दुसऱ्या बाजूची छायाचित्रे काही दिवस आधी, बरीच दुरून घेतलेली आणि म्हणून धूसर आहेत. शिवाय अँटेना यानालाच घट्ट बसवलेली असल्याने निरीक्षण आणि पृथ्वीशी संपर्क एकाच वेळी जमत नसे, आणि सेकंदाला एक-दोन किलोबिट अशा संथ गतीने येणारी माहिती ऑक्टोबर २०१६ पर्यंत येत राहिली. तरीही नायट्रोजनच्या बर्फाचे विस्तीर्ण मैदान आणि तेनसिंग व हिलरी यांची नावे दिलेले पाण्याच्या बर्फाचे पर्वत त्या धावत्या भेटीतच सापडले, हे मला थोडे वाटत नाही. डॉन मात्र शेवटी सेरेसपासून ३५ किलोमीटरवर उतरले आणि ऑकेटर विवरातील पांढरे डाग, म्हणजे खालून वर आलेले खारे पाणी उडून गेल्यावर उरलेला सोडियम कार्बोनेट, त्याने अगदी जवळून टिपले.

प्लुटोभोवती यान फिरवायचे असेल, तर काही किलोवॉट देणारा आण्विक वीजस्रोत बनवावा लागेल. तोवर हौमिया, माकेमाके आणि एरिस या दूरच्या बटुग्रहांकडे, जिथे आजवर एकही यान गेलेले नाही, कधी मोहीम निघालीच, तर तीही न थांबता पुढे जाणारीच असेल.