वाचकांचे प्रश्न : मुठींआड चेहरा झाकलेला म्हातारा

प्रश्न : व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या ‘अनंताच्या दारात’ या चित्राची तैलरंगात नक्कल करतो आहे. निळ्या कपड्यांतला म्हातारा खुर्चीत वाकून, दोन्ही मुठी डोळ्यांवर दाबून बसलेला, तेच चित्र. दोनदा प्रयत्न केला. म्हातारा झोपल्यासारखा दिसतो आणि निळा रंग सपाट होतो. पावसाळ्यात केलेलं पहिलं चित्र दोन महिन्यांनीही हाताला चिकटतं. कुठे चुकतंय? (मिरज)

उत्तर : रंगांपासून सुरुवात केलीत, तिथेच चुकलं. हे चित्र मुळात काळ्या-पांढऱ्यातलं आहे. नोव्हेंबर १८८२मध्ये नेदरलँड्समधल्या हेगला असताना व्हॅन गॉगने याच विषयाचं शिळाछापाचं (दगडावर काढून कागदावर छापलेलं) चित्र केलं होतं. मे १८९०मध्ये, फ्रान्समधल्या सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात, त्याने ते रंगांत पुन्हा रंगवलं. म्हणजे स्वतःच्याच जुन्या चित्राची ही त्याने केलेली नक्कल आहे! तुम्हीही त्याच वाटेने जा.

मूळ रंगचित्र सुमारे ८० × ६४ सें.मी. आहे. तुम्ही ४० × ३२चा कॅनव्हास घ्या आणि त्यावर ८ सें.मी.चे चौकोन आखा. उभे पाच, आडवे चार बसतात. छापील प्रतीवरही तितकेच चौकोन पाडा. आता चेहरा विसरा, कारण तो दिसतच नाही. या चित्रातला भाव वजनातून येतो. डोकं मुठींवर, मुठींचा भार कोपरांवर, कोपरं मांड्यांवर, आणि मांड्यांचं ओझं जमिनीवर टेकलेल्या जड बुटांवर. बहुतेकांची कोपरं हवेत राहतात किंवा मुठी गालांवर सरकतात. मग म्हातारा पेंगल्यासारखाच दिसणार. शंका आली तर घरातल्या कुणाला तसं पाच मिनिटं बसवा आणि मनगटाचा कोन पाहा. मूठ डोळ्यावर घट्ट दाबली की खांदे आपोआप वर चढतात.

मग पहिला थर. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फक्त तीन छटांत चित्र मांडा : टक्कल आणि मुठी उजळ, कपडे मधल्या छटेत, खुर्चीखालचा भाग गडद. डोळे बारीक करून पाहा. इथे माणूस उभा राहत नसेल तर वर कितीही रंग चढवा, उपयोग नाही. अंबर लवकर वाळतो, तरी तीन-चार दिवस थांबा.

निळा सपाट होतो, कारण तुम्ही बहुधा एकच निळा पांढऱ्यात कमी-जास्त करता. उजेडात कोबाल्ट निळा आणि पांढरा, सावलीत अल्ट्रामरीन, घड्यांच्या कडांना थोडा व्हिरिडियन (निळसर हिरवा), असं करा. पॅलेटवर सगळं एकजीव करू नका. ब्रशचे फटकारे कापडाच्या घडीच्या दिशेने ओढा, आडवे घासू नका. शेजारी खुर्चीचा पिवळा आहे, त्यानेही निळा उठतो. त्यासाठी कॅडमियम यलो आणि यलो ऑकर वापरा. क्रोम यलो टाळा. त्यात शिसं असतं आणि उजेडाने तो काळवंडतो. या आकाराला पांढऱ्याची ४० मि.लि.ची एक ट्यूब आणि बाकीच्या २० मि.लि.च्या पुरतात.

चिकटपणाचं कारण तेलात आहे. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. जाड थर, जास्त तेल आणि कोंदट खोली एकत्र आली की वर साय धरते आणि आतला रंग ओलाच राहतो. दुसऱ्या थराला एक भाग जवस तेल आणि दोन भाग टर्पेंटाइन पुरे. शेवटच्या जाड फटकाऱ्यांना ट्यूबमधला रंग तसाच लावा. खालचा थर वरच्यापेक्षा तेलकट नको, नाहीतर वरचा आधी वाळतो, खालचा हलत राहतो आणि भेगा पडतात. ब्रश रॉकेलमध्ये धुऊन तसाच रंगात बुडवत असाल तर तेही थांबवा. ओलं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवू नका. मागून-पुढून वारा लागेल असं उभं ठेवा. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका, आधी चित्र वाळू द्या. वार्निश सहा महिन्यांच्या आत नको. जाड थर असेल तर वर्षभर थांबलेलं बरं.

प्रश्न : हा म्हातारा खरा कोण होता? आणि अशी नक्कल घरात लावली तर चालते का? (ठाणे)

उत्तर : १८८२च्या चित्रासाठी आद्रियानुस झाउडरलांड हा हेगच्या वृद्धाश्रमातला माणूस बसला होता. तो जुना सैनिक होता. १८९०मध्ये समोर कुणी बसलेलं नव्हतं. मॉडेल मिळत नसल्याने त्या काळात व्हॅन गॉग मिले, दलाक्र्वा या फ्रेंच चित्रकारांच्या चित्रांच्या छापांवरूनही रंगचित्रं करत होता. त्यामुळे याला एका माणसाचं व्यक्तिचित्र म्हणण्यापेक्षा वार्धक्याचं चित्र म्हणणं मला जास्त योग्य वाटतं.

घरात जरूर लावा. मूळ रंगचित्र नेदरलँड्समध्ये, ऑटरलोच्या क्रॉलर-म्युलर संग्रहालयात आहे. नक्कल मूळच्या आकाराची करू नका आणि पुढच्या बाजूला व्हॅन गॉगची सही उतरवू नका. मागे पेन्सिलीने ‘व्हॅन गॉगच्या चित्रावरून’ असं लिहून आपलं नाव आणि वर्ष घाला.