आधी मुलीकडे बघ

तुझं पत्र दोनदा वाचलं. मिसळून केलेला सराव जास्त टिकतो हे कुठेतरी वाचलंस आणि दुसऱ्याच दिवशी बॅडमिंटनच्या सगळ्या बॅचला शॉर्ट, लाँग, ड्राइव्ह अशा सर्व्हिस आलटूनपालटून करायला लावल्यास. काही मुलं खुलली, ती नवीन मुलगी रडकुंडीला आली. आता विचारतोस, संशोधन खोटं का?

खोटं नाही रे. १९७९ मध्ये शिया आणि मॉर्गन यांच्या प्रयोगात एकेक हालचाल घोटणारे सरावात पुढे होते, पण दहा दिवसांनी मिसळून शिकलेलेच सरस ठरले. १९८६ मध्ये गुड आणि मॅगिल यांना बॅडमिंटनच्या याच तीन सर्व्हिसमध्ये तसंच दिसलं, तेही नवख्यांमध्ये. तेव्हा 'नवख्यांना घोटवा, जाणत्यांना मिसळवा' असला आयता नियमही माझ्याकडे मागू नकोस. मुलीकडे बघ.

ग्वाडाग्नोली आणि ली या संशोधकांनी २००४ मध्ये हेच मांडलं: ड्रिल, म्हणजे सरावाचा एखादा प्रकार, कागदावर किती अवघड ही एक गोष्ट, आणि या शिकणाऱ्याला, आज, किती अवघड ही दुसरी. शटल जाळीत गेल्यावर ते का गेलं हे तिला सांगता येतं का? येत असेल तर खुशाल मिसळ. नुसतीच गांगरत असेल तर त्या चुकीतून तिच्या हाती काही लागत नाही. एकच सर्व्हिस चार-पाचदा, मग बदल. पण सगळं जमायला लागलं की तिथेच रेंगाळू नकोस.

मी रेंगाळलो. एक डावखुरा मुलगा सरावात क्वचित चुकायचा आणि सामन्यात ढेपाळायचा. मी त्याला भित्रा म्हणालो. महिनोन् महिने त्याला सोपं झालेलंच देत होतो, हे दिसलंच नाही. त्याने खेळ सोडला. चाळीस मुलं, दोन कोर्ट, एकेकाकडे कधी बघणार, असं मी अजूनही स्वतःला ऐकवतो. खरंच आहे ते. पण पाच मिनिटं त्याच्याकडे बघता आलं असतं, आणि ती पाच मिनिटं मी सगळ्यांना एकदम ओरडण्यात घालवत होतो.

म्हणून चिडतो तुझ्यावर. वही बंद कर, मुलीकडे बघ. उद्या तिच्या मापाचं ड्रिल दे, पण लगेच खूश होऊ नकोस. दोन दिवसांनी, काही न शिकवता, तिला दहा सर्व्हिस करायला सांग. किती आत पडल्या ते मला कळव.