तज्ज्ञांना विचारा : बॅरलवरचे चर आणि पेटंटचा अर्ज

प्रश्न : मी कोथरूडला राहतो, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. रायफलच्या पातळ पोलादी बॅरलवर कार्बन फायबर गुंडाळून ते हलकं करायचं, असा प्रोजेक्ट आहे. बाहेरून लांबीत चर पाडले की बॅरल जास्त ताठ होतं, असंही ऐकलं. दोन्हींचं पेटंट मिळेल का? नमुना भोसरीतल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये करून घेणार आहे.

उत्तर : आधी ते वर्कशॉपचं रद्द करा. शस्त्र कायदा, १९५९ मध्ये शस्त्राच्या व्याख्येत सुटे भागही येतात आणि कलम ५ नुसार परवान्याशिवाय ते बनवता येत नाहीत. पेटंट मिळालं तरी हा परवाना मिळत नाही. पेटंट म्हणजे दुसऱ्याला अडवण्याचा हक्क, स्वतः बनवण्याची मुभा नव्हे. तसाही अर्जाला नमुना लागत नाही. आकृत्या आणि जाणकाराला त्यावरून काम करता येईल इतकं वर्णन पुरतं.

चरांबद्दल तुम्ही ऐकलंय ते अर्धंच खरं. धातू काढून कुठलीही सळई जास्त ताठ होत नाही. बाहेरचा व्यास तोच ठेवून चर पाडले तर बॅरल हलकं होतं आणि थोडं लवचीकही. फायदा दिसतो तो समान वजनाच्या, चर नसलेल्या बारीक बॅरलशी तुलना केली तर. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, वजन वर्गाने. व्यास २० टक्के वाढवला तर ताठपणा दुपटीच्या थोडा वर जातो, वजन मात्र ४४ टक्केच वाढतं. पडताळायला बॅरल कशाला हवं? २५ मिमीची भरीव पोलादी सळई एका टोकाला घट्ट आवळा, पकडीपासून ५०० मिमीवर १० किलो वजन टांगा आणि तिथेच डायल गेज (बारीक सरक मोजणारं घड्याळी मापक) लावा. सुमारे १ मिमी झुकेल. दीड-दोन मिमी आलं तर पोलादाला दोष देऊ नका, पकड सरकतेय. दुसरा डायल पकडीजवळ लावला की चोर सापडतो.

कार्बनची खरी डोकेदुखी उष्णतेची. पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे ११ ते १२ मायक्रॉन वाढतं, कार्बनचा धागा लांबीच्या दिशेने जवळजवळ वाढतच नाही. ६०० मिमी लांबीचं पोलाद १०० अंशांनी तापलं तर ०.७ मिमी वाढू पाहतं आणि गुंडाळी त्याला धरून ठेवते. हा ताण चिकट थरावर येतो. थर एका बाजूला सुटला की बॅरल तापताना वाकतं आणि नेम सरकत जातो. त्यात रेझिन, म्हणजे धागे चिकटवणारा राळेसारखा पदार्थ, उष्णतेचं चांगलं वाहक नाही, म्हणजे आतली धग आतच राहते.

म्हणूनच ‘पोलादावर कार्बन’ एवढ्यावर पेटंट मिळणार नाही. ती कल्पना जुनी आहे. चरांचंही तेच. धाग्याचा कोन, मधला थर, उष्णता बाहेर काढण्याची वाट, यांत नवं काही असेल तर दावा तिथे करा. एस्पासनेट या पेटंट शोधायच्या संकेतस्थळावर एफ४१ए २१/०२ हा वर्ग उघडा, त्यात बहुस्तरीय बॅरल्सच आहेत. निदान पन्नास पेटंटांचे दावे वाचा. नुसता सारांश वाचून फसगत होते.

अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे, ऑनलाइन. तात्पुरता अर्ज केला तर १२ महिन्यांत पूर्ण तपशील द्यावा लागतो. मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. अर्जाआधी सेमिनारमध्ये कल्पना मांडू नका, नावीन्य तिथेच संपू शकतं. विषय शस्त्राचा असल्यामुळे पेटंट कायद्याच्या कलम ३५ खाली गुप्ततेचा आदेशही येऊ शकतो. परदेशात आधी अर्ज करायचा मोह झाला तर त्याच कायद्याचं कलम ३९ पाहा : आधी लेखी परवानगी, नाहीतर भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबणं.

प्रश्न : मेटफर्डचे चर इतके नावाजलेले होते, तर ब्रिटिशांनी ली-मेटफर्ड रायफल का सोडली? (औंध)

उत्तर : बारूद बदलली म्हणून. हे चर वरच्यासारखे बाहेरचे नव्हेत, गोळीला फिरकी देणारे बॅरलच्या आतले. मेटफर्डचे सात उथळ, गोलसर चर काळ्या दारूची काजळी साचू नये म्हणून होते. मग कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आली, तिचे वायू फार तप्त. उथळ चर लवकर झिजले. १८९५ मध्ये पाच खोल, चौकोनी कडांचे एनफील्ड चर घेतले आणि रायफल ली-एनफील्ड झाली.