जमा दिसतात, पण पासबुक कोरडं!

प्रश्न : मी परतूर तालुक्यातली (जि. जालना). पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, अनुसूचित जातीतून प्रवेश आहे. वडील नाहीत, आई कापूस वेचायला जाते. भारत सरकार शिष्यवृत्तीचा पहिल्या वर्षाचा माझा अर्ज महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या योजनांच्या संकेतस्थळावर) मंजूर झाला, केंद्राच्या हिश्श्याचे पैसे जमा झाल्याचंही दिसतं. पासबुकात मात्र काहीच नाही. कॉलेजच्या खिडकीवर सगळ्यांसमोर ऐकवलं, ‘पैसे खाल्लेस, आता फी भर, नाहीतर परीक्षेचा फॉर्म घेणार नाही. फुकटात शिकता आणि वर तोरा!’ सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही, खोलीभाड्याने नाकी नऊ आलेत. शिक्षण सोडून गावी जाऊ का?

उत्तर : सोडायचं नाव काढू नकोस. पैसे बुडालेले नाहीत, भलत्याच खात्यात जाऊन बसलेत, असा माझा दाट संशय आहे. एका कॉलेजात २६ वर्षं मी स्कॉलरशिपचं टेबल सांभाळलं. शेवटी शेवटी अशा तक्रारींत बहुतेकदा हेच निघायचं.

आधी सांग, नवीन सिमकार्ड घेताना दुकानदाराने दोनदा अंगठा घेतला होता का? हसू नकोस. आमचा एक मुलगा दोन महिने बँकेत खेटे घालत होता. अर्जात लिहिलेलं खातं ठणठणीत कोरडं. शेवटी सापडलं ते सिमबरोबर त्याच्या नकळत उघडलेलं पेमेंट बँकेचं खातं, रक्कम तिथे मुकाट पडून. हे पैसे खातेनंबर बघून येत नाहीत, आधार बघून येतात. आधार शेवटचं ज्या बँकेला ‘सीड’ केलं, म्हणजे सरकारी पैसे येण्यासाठी जोडलं, तिकडे जातात.

तेव्हा आधारच्या ‘माय आधार’ संकेतस्थळावर लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघड. बँकेचं नाव दिसेल. ते अनोळखी असलं तर तिथेच गोम. ते पैसे काढून घे आणि मग नेहमीच्या बँकेत आधार सीडिंगचा फॉर्म भर. काउंटरवर ‘आधार लिंक आहे की’ म्हणतील. लिंक म्हणजे खात्यावर आधार नंबराची नुसती नोंद, सीडिंग वेगळं. फॉर्म दिल्याशिवाय उठू नकोस.

खिडकीवर वाद घालू नकोस. प्राचार्यांच्या नावे अर्ज लिही, सीडिंगच्या पानाची प्रिंट जोड, फीसाठी मुदत माग आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घे. शिक्का बघितला की खिडकीमागचा आवाज खाली येतो, मी तिथेच बसायचो म्हणून सांगतो. ‘फुकटात’ हा शब्द वाचून मलाच लाज वाटली. ही शिष्यवृत्ती १९४४ पासून, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधीपासून चालू आहे. त्या बाबूच्या खिशातून ती येत नाही.

पैसे हाती आले की आईला समजावून सांग, त्यातली फी कॉलेजची, आपला फक्त निर्वाहभत्ता. केंद्राचा ६० टक्के हिस्सा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, त्यातून गोंधळ होतात. एका घरात ती रक्कम पेरणीच्या तोंडावर बी-खतात गेली. बापाला काय बोलणार? पोराने सुट्टीभर वॉचमनकी करून फी भरली.

इंजिनिअरिंगला वसतिगृहात न राहणाऱ्याला निर्वाहभत्ता वर्षाला ७,००० रुपये. पुण्यात त्यात महिनाही निघत नाही. तुझ्यासाठी खरी योजना ‘स्वाधार’. सरकारी वसतिगृहात अर्ज करूनही नंबर न लागलेल्यांसाठीच ती आहे, उत्पन्नमर्यादा अडीच लाख. पुण्यात वर्षाला ६०,००० रुपये : जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. चौकशी विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनात, समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि खोलीचा भाडेकरार बरोबर ठेव. घरमालक करार द्यायला कां-कूं करतात. त्याला आजच गाठ.

आणि हो, या धावपळीत दुसऱ्या वर्षाचा नूतनीकरणाचा अर्ज भरायचा राहिला नाही ना?