ड्रॅगनचा दुसरा खांदा कुठे बसवायचा?

फँटसी चित्रे आणि मुखपृष्ठे यांविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच या वेळी घेतली आहेत. ‘चांगला टॅबलेट कोणता?’ असे विचारणारी पत्रे बाजूला ठेवली, कारण त्याचे उत्तर दर सहा महिन्यांनी शिळे होते.

प्रश्न : २४० पृष्ठांच्या फँटसी कादंबरीचे मुखपृष्ठ करायला मिळाले आहे. मुदत तीन आठवडे. मी थेट मोठ्या कागदावर चित्र सुरू केले आणि चौथ्या दिवशी प्रकाशक म्हणाले, “नायिका पाठमोरी नको.” कामाचा क्रम कसा असावा? (सांगली)

प्रकाशकाचा दोष फारसा नाही. त्यांना चित्र दिसले तेच मुळी चौथ्या दिवशी.

आधी हस्तलिखित वाचा, निदान पहिली पन्नास पृष्ठे आणि लेखक सांगेल ते प्रसंग. वाचताना पोशाख, शस्त्रे, ऋतू आणि दिवसाची वेळ यांची यादी करा. नायिकेच्या डाव्या गालावर व्रण असेल आणि तुम्ही तो उजवीकडे काढलात, तर लेखकाला नाही तरी वाचकाला तो नक्की दिसतो.

मग थंबनेल, म्हणजे रचनेची झटपट छोटी रेखाटने. दोन बाय तीन इंचांच्या चौकटी, पंधरा ते वीस, जाड मार्करने. फक्त तीन टोन वापरा : काळा, करडा, पांढरा. पेन्सिल टोकदार असली की हात डोळे-नाक काढायला धावतो, म्हणून मार्कर. प्रत्येक चौकटीत वरचा एक तृतीयांश भाग शीर्षकासाठी आणि खाली एक पट्टी लेखकाच्या नावासाठी मोकळी सोडा. ही जागा नंतर शोधायला गेलात तर अक्षरे ड्रॅगनच्या तोंडावर येतात.

वीसांतल्या तीन चौकटी प्रकाशकाला पाठवा. चौथी, ‘बरी आहे’ अशी चौकट कधीच पाठवू नका. नेमकी तीच निवडली जाते. निवड झाली की रंगीत रफ, म्हणजे रंगांचा कच्चा आराखडा करा, पोस्टकार्डाएवढा. बदल सुचवायच्या दोन फेऱ्या या टप्प्यावर द्या आणि अंतिम चित्र सुरू झाल्यावर रचनेत बदल केल्यास वेगळे पैसे लागतील, हे पहिल्याच ईमेलमध्ये लिहा. तीन आठवड्यांत कामाचे दिवस पंधरा धरले, तर वाचनाला दोन, थंबनेलना एक, संदर्भ जमवायला दोन, रंगीत रफला एक, होकाराची वाट पाहण्यात दोन, अंतिम चित्राला सहा आणि एक दिवस राखीव. वाट पाहण्याचे दोन दिवस हिशेबात न धरल्यामुळेच रात्री जागाव्या लागतात.

मापे आता लिहून घ्या. डेमी आकार साडेपाच बाय साडेआठ इंच. २४० पृष्ठे म्हणजे १२० पाने. ८० जीएसएम (दर चौरस मीटरला ८० ग्रॅम) मॅप्लिथो या पुस्तकी कागदाचे पान साधारण ०.१ मिलिमीटर जाड असते, म्हणजे कणा सुमारे १२ मिलिमीटर. दोन्ही बाजूंची कव्हरे, कणा आणि चारही कडांना ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) धरून पूर्ण कव्हर २९७.४ बाय २२१.९ मिलिमीटर होते. ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) अंदाजे ३५१३ बाय २६२१ पिक्सेल. तरीही छापखान्याकडून त्याच कागदाची कोरी डमी, म्हणजे न छापलेले नमुना-पुस्तक मागवा. कणा दोन मिलिमीटरने चुकला तरी त्यावरचे नाव घसरून मुखपृष्ठावर येते.

प्रश्न : रंग-कागदावर काम करावे की थेट संगणकावर? (बेळगाव)

मुदत आठवड्याची असेल तर संगणकावर. मूळ चित्र विकायचे असेल तर बोर्डवर. बरेच जण दोन्ही करतात : रेखाटन कागदावर, रंगाचे प्रयोग स्क्रीनवर आणि शेवट हवा तिथे. बोर्डसाठी ३ मिलिमीटरचा हार्डबोर्ड घ्या. जेसोचे (रंग धरणाऱ्या पांढऱ्या अस्तराचे) तीन-चार पातळ हात, प्रत्येक हात आदल्यापेक्षा आडव्या दिशेने, मध्ये २२० नंबरचा पॉलिश पेपर आणि शेवटी ३२०. मागच्या बाजूलाही एक हात द्या, नाहीतर बोर्ड बाक धरतो. पावसाळ्यात तर हमखास. ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर ॲक्रिलिक टिकत नाही, पापुद्रे सुटतात. मूळ चित्र छपाईच्या आकाराच्या दीडपट पुरे. दुपटीच्या वर गेलात तर छापताना बारीक काम आक्रसून नाहीसे होते.

प्रश्न : माझा ड्रॅगन सुटा चांगला दिसतो, पण चित्रात तो चिकटवल्यासारखा वाटतो. पंखही खोटे वाटतात. (नाशिक)

या दोन तक्रारींची कारणे वेगळी आहेत.

पंखांचे आधी. चार पाय आणि दोन पंख म्हणजे सहा अवयव. पंख हा हातच आहे. त्याला खांद्याचे हाड हवे, दंड हवा, कोपर, मनगट आणि बोटे हवीत. बहुतेक जण पंख पाठीच्या मधोमध छत्रीसारखा खोचतात आणि तिथेच डोळा अडतो. दोन मार्ग आहेत. एक, पुढचे पाय गाळून त्यांचेच पंख करा, वटवाघळासारखे. दुसरा, पुढच्या पायाच्या खांद्याच्या किंचित मागे आणि वर दुसरा खांदा बसवा, पण मग छाती लांब आणि खोल करावी लागते, कारण पंख खाली ओढणारे स्नायू छातीवर असतात. कबुतराची छाती आठवा. सडपातळ छातीचा ड्रॅगन उडताना पटत नाही.

आपल्याकडे वडा-पिंपळावर लटकणारे मोठे वटवाघूळ हा यासाठी उत्तम गुरू आहे. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत सव्वा मीटरच्या आसपास, आणि वजन फार तर दीड-पावणेदोन किलो. त्याचा अंगठा मोकळा, नखाचा. बाकी चार बोटे पडद्यात. चारही बोटे एकाच मनगटातून फुटतात आणि पडदा मागच्या पायापर्यंत जातो. पडद्याची मागची कड दोन बोटांच्या टोकांमध्ये आत झोळ घेते, मांडवाच्या कापडासारखी. ती बाहेर फुगवली की पंखाचा पतंग होतो. पंख मिटला की कोपर मागे आणि मनगट पुढे येते.

किल्ल्यांच्या दरवाजांवरचे शरभ जरूर रेखाटा. सिंहाचे अंग, कधी पंख, पंजांत आणि शेपटीत पकडलेले हत्ती. त्यांचा आवेश घ्या. सांधा मात्र घेऊ नका. उठावशिल्पात पंख अंगालगत सपाट बसवलेला असतो, खांद्याचा प्रश्न तिथे सुटलेला नाही, सुटायची गरजही नव्हती. शस्त्रे-चिलखतांसाठी वीरगळ आणि पुण्याचे केळकर संग्रहालय किंवा मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय. चिलखताच्या कड्या अंगाच्या कुठल्या भागावर ताणतात आणि कुठे लोंबतात, ते मोबाइलवरच्या फोटोतून कळत नाही.

आता चिकटवल्यासारखे दिसण्याबद्दल. त्याचे कारण जवळपास नेहमी प्रकाश हेच असते. ड्रॅगन एका फोटोवरून, डोंगर दुसऱ्यावरून, नायक तिसऱ्यावरून, तीन सूर्य. उपाय जुना आहे : नमुना करा. तारेचा सांगाडा, त्यावर शाडू, लांबी आठ इंच. पंख पातळ पुठ्ठ्याचे. तपशील नकोत, फक्त ढोबळ आकार. ओली शाडू चकाकते आणि खोटे उजेडाचे ठिपके दाखवते. पूर्ण वाळली की ती आकसते, तार आकसत नाही, म्हणून तडे जातात. वरचे पाणी सुकलेले पण आतून ओल असलेली, ती मधली वेळ फोटोंची. काम थांबवताना ओले फडके गुंडाळा.

सूर्यप्रकाश हवा असेल तर नमुना गच्चीवर न्या. जवळ धरलेल्या टॉर्चच्या सावल्या पंख्यासारख्या पसरतात आणि राक्षसी प्राणी खेळणे वाटू लागतो. मशालीचा किंवा आगीचा प्रसंग असेल तर मात्र तीच टॉर्च योग्य. कॅमेऱ्याची उंचीही मोजा. आठ इंची नमुना १६ मीटरच्या ड्रॅगनचा असेल तर प्रमाण एकास ऐंशी; उभ्या माणसाचा डोळा नमुन्याच्या जगात दोन सेंटिमीटरवर येतो. फोन उलटा धरा म्हणजे लेन्स टेबलाला टेकते. तो ड्रॅगन ४० मीटरवरून दिसतो असे ठरवले तर अंतर ५० सेंटिमीटर. माणसाचा फोटो काढताना मात्र दोन-तीन मीटर मागे जा आणि झूम करा. हातभर अंतरावरून काढलात तर नाक आणि तलवारीची मूठ फुगते.

उघड्यावरच्या सावलीत आकाशाचा निळा उतरतो, पोटाखाली जमिनीचा तांबूस. हे दोन रंग ड्रॅगन, डोंगर आणि नायक तिघांच्याही सावलीत असले की तिघे एका जागी उभे राहतात. प्रचंडपणासाठी दूरचा भाग फिकट करा, खवले बारीक ठेवा.

आणि शेवटी आकृती पूर्ण काळी भरून पाहा. ‘चांदोबा’साठी चित्रकार शंकर यांनी काढलेला वेताळकथांतला विक्रम, खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार, नुसत्या काळ्या आकारातही ओळखू येतो. खेळाच्या पत्त्यांवर किंवा ऑनलाइन दुकानाच्या यादीत चित्र जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद उरते. तिथे खवले दिसत नाहीत, आकार दिसतो.

प्रश्न : स्क्रीनवर गडद निळी रात्र, छापून आल्यावर जांभळट चिखल. चूक छापखान्याची का? (ठाणे)

बहुतेक वेळा फाइलची. स्क्रीनचा शुद्ध निळा सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या आकाशी सायन, गुलाबी मॅजेंटा, पिवळ्या आणि काळ्या अशा चार शाईंत नेला की त्यात मॅजेंटा फार शिरतो आणि निळा जांभळा होतो. मॅजेंटा सायनपेक्षा निदान तीस टक्क्यांनी कमी ठेवा, उदाहरणार्थ सायन १०० आणि मॅजेंटा ६०. चारही शाईंची बेरीज आर्टकार्डवर (कव्हरच्या गुळगुळीत जाड कागदावर) ३०० टक्क्यांच्या आत असू द्या. त्यापुढे शाई वाळत नाही, वर रचलेल्या कव्हरच्या पाठीला डाग पडतात. छपाईत ठिपके पसरतात, त्यामुळे सगळ्यात गडद तीन छटा मिळून एकच होते. सावलीतले जे दिसायलाच हवे ते वाटते त्यापेक्षा एक पायरी उजळ ठेवा. मॅट लॅमिनेशन होणार असेल तर आणखी थोडे, कारण ते काळ्याचा जोर घालवते. स्क्रीनचा उजेड पूर्ण ठेवून काम करणे ही सगळ्यात सामान्य चूक आहे. चित्राशेजारी कोरा कागद धरा. स्क्रीनवरचा पांढरा त्याच्याएवढाच उजळ दिसेपर्यंत उजेड कमी करा.

प्रश्न : माझे मुखपृष्ठ प्रकाशकाने न विचारता टी-शर्टवर छापले. करार नव्हता, फक्त फोनवर बोलणे. चित्राचा मालक मीच ना? (पणजी)

इथे बहुतेक चित्रकार फसतात. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार सर्वसाधारणपणे निर्माता पहिला मालक. पण कलम १७ मध्ये अपवाद आहे : कोणी मोबदला देऊन रंगचित्र, व्यक्तिचित्र किंवा छायाचित्र करवून घेतले आणि उलट करार नसेल, तर हक्काचा पहिला मालक करवून घेणारा. म्हणजे गप्प राहिलात तर कायदा तुमच्या बाजूने असेलच असे नाही. टी-शर्टच्या बाबतीत आता वकिलाला सगळे ईमेल-मेसेज दाखवा. त्यांत ‘फक्त मुखपृष्ठासाठी’ असे काही लिहिलेले असेल तर ते कामाचे.

पुढच्या कामापासून एक पान पुरे. कॉपीराइट चित्रकाराकडे राहील. परवानगी अमुक पुस्तकाच्या मराठी आवृत्तीच्या मुखपृष्ठासाठी आणि जाहिरातीसाठी. मुदत किती, प्रदेश कोणता. या दोन गोष्टी लिहिल्या नाहीत तर कलम १९ प्रमाणे मुदत पाच वर्षे आणि प्रदेश भारत धरला जातो. ई-पुस्तक, अनुवाद, वस्तू यांचे पैसे वेगळे. मूळ बोर्ड कोणाकडे राहील तेही लिहा, कारण बोर्ड देणे आणि हक्क देणे या दोन गोष्टी आहेत. हक्क विकल्यावरही चित्रावर नाव मागण्याचा आणि विद्रूप करण्याला हरकत घेण्याचा अधिकार कलम ५७ मुळे तुमचाच राहतो. तीस-चाळीस टक्के आगाऊ, रफ मंजूर झाल्यावर काही आणि बाकीचे पूर्ण आकाराची फाइल देण्याआधी. तोवर पाठवायची फाइल लहान, १००० पिक्सेलची.